दुसऱ्या ताग्याची चिंधी

अप्पा, यंदा दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर मी माझ्या डोक्याचा फोटो मांडलाय. बाहेरच्या नाही, आतल्या डोक्याचा. सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी, ती तुम्हीच आणलेली, राणीच्या नाकाचा शेंडा उडालाय तरी तीच. खाली वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, थोरल्या अण्णानं लहानपणी केलेला मातीचा हत्ती. आणि मधल्या पायरीवर दोन पोपटांच्या मध्ये चौकटीत बसवलेलं माझं डोकं, कोबी मधोमध चिरल्यावर दिसतो तसं. शेजारच्या बायका बाहुल्या बघायला येतात, कुंकू लावून घेतात, हरभऱ्याची उसळ हातावर घेतात आणि तिथं येऊन अडकतात. "एनज्जी इदु?" हे काय गं आजी, म्हणतात. मी म्हणते, माझा मेंदू, नातीनं काढून दिला. एकजण म्हणाली, "अय्यो, देवाजवळ मांस मांडलंत?" मी म्हटलं, "का, तुझ्या डोक्यात काय गूळ भरलाय?" हसता हसता तिच्या हातातली उसळ सांडली आणि मुंग्या झाल्या, त्या अजून आहेत.

हे तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून नातीच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आहे, आणि मराठी म्हणाल तर आपली ही अशी, इथली. पुण्याकडची पाहुणी आली की तोंड दाबून हसते. हसू दे. शाळेत मला कानडी शिकवलं. ही मराठीची अक्षरं तुमची. कापड रंगवायच्या आपल्या अंगणातल्या भिंतीवर कोळशानं तुम्ही ती माझ्याकडून गिरवून घेतलीत, कारण ताग्यांना बांधायच्या चिठ्ठ्या लिहायला घरातलं कुणीतरी हवं होतं. आता तुमच्याच अक्षरांत तुम्हाला बोल लावणार आहे, आधीच सांगून ठेवते. पण पहिल्यांदा नातीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

ही माझ्या मुलाची मुलगी. शिकून शिकून अजून शिकतेच आहे. माणसं मनानं आजारी पडतात ना, कुणी महिनोन्महिने उदास, कुणी घाबरून जीव मुठीत धरून, तशांच्या डोक्याचे ती फोटो काढते. आपल्यासारख्या बऱ्या म्हणवणाऱ्यांचेही काढते. चुंबकाचं मोठं गोल यंत्र आहे, त्यात माणूस आडवा आत सरकवतात. ती मला समजावते, आजवर लोक पुष्कळ आजारी डोकी एका बाजूला घ्यायचे, पुष्कळ बरी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची सरासरी काढून फरक सांगायचे. "पण अज्जी, ती सरासरी म्हणजे कुणाचंच डोकं नसतं. मला एकेकाचं बघायचंय. दुखण्याचं नाव एकच असलं तरी दोघांच्या आत ते सारखंच असतं असं नाही." मी मान डोलावली. ती बोलायला लागली की मला नुसतं बघत राहावंसं वाटतं, कळलं नाही तरी. हीच पोर दोन वर्षांपूर्वी जेवेना, झोपेना, अंघोळीला उठवावं लागायचं. स्वतःच डॉक्टरकडे गेली, गोळ्या घेतल्या, हळूहळू सावरली. त्या दिवसांत एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अज्जी, आपल्या घरात माझ्यासारखं दुसरं कुणीच नव्हतं, ना?" मी तिच्या केसांतून हात फिरवत म्हटलं, कुणीच नाही.

तर यंदा तिचं नवं काम सुरू व्हायचं होतं. त्याआधी एकदोघांना यंत्रात घालून सगळं नीट चालतंय का ते बघतात. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे मी चिंधी!" आणि तिला सांगितलं, आमच्याकडे अख्खा तागा रंगात घालायच्या आधी त्याच्या टोकाची बोटभर चिंधी फाडून बुडवून बघायचे. तिला ते इतकं आवडलं की तिनं वहीत लिहून घेतलं. मग कागद भरायला बसलो. वय काय, साखर आहे का, छातीत काही यंत्र बसवलंय का, बंद जागेत भीती वाटते का. मी म्हटलं, दिवाणाखाली शिरून मांजराची पिल्लं काढते, मला कसली भीती? ती हसली आणि हसता हसताच पुढचं वाचलं, "घराण्यात कुणाला मानसिक आजार?" माझ्या तोंडून लगेच निघालं, "इल्लम्मा, कुणाला नाही." दार लावून घ्यावं तसं. तिनं लिहिलं, नाही. आणि म्हणाली, तुला आठवत नसेल तर अण्णा-अज्जांनाही विचारते.

ती आंघोळीला गेली तशी मी अण्णाला फोन लावला. तो अजून अग्रहाराच्या जुन्या वस्तीतच आहे, ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर सगळ्या गल्लीला कळेल असं बोलतो. मी म्हटलं, "पोरीनं विचारलं तर आत्याचं काढू नकोस." तो म्हणाला, "मी कशाला काढू? इतकी वर्षं काढलं का? तुझंही कधी काढलं नाही." मी म्हटलं, माझं काय? तो म्हणाला, "तंगी, तुला ठाऊक नाही?" धाकट्या बहिणीला तंगी म्हणायची सवय त्याची जात नाही, मी सत्तरीची झाले तरी. मी म्हटलं, काय ठाऊक नाही, नीट बोल. आणि मग अप्पा, तो बोलला. तुम्ही सांगितलंत तशी मी चौथीत नापास झालेच नव्हते. वर्गात पहिली आले होते. निकालानंतर मास्तर घरी आले, मुलीला पुढं शिकवा म्हणून सांगायला. तुम्ही त्यांना बाहेरच्या कट्ट्यावरच बसवलंत आणि म्हणालात, पोरीचं डोकं माझ्या बहिणीच्या वळणावर चाललंय, अभ्यासाचा ताण तिला सोसायचा नाही. मास्तर मान खाली घालून गेले. अण्णा तिथं उभा होता, त्याला तुम्ही शपथ घातलीत. "साठ वर्षं तुला माहीत होतं?" मी ओरडले. तो म्हणाला, "शपथ होती गं." शपथ म्हणे. त्याच तोंडानं त्यानं तुमच्या हातचं तीर्थ पिऊन घेतलेली बिडी सोडायची शपथ मोडली, ही तेवढी पाळली.

निकालाच्या दिवशी मला ताप होता, म्हणून शाळेत तुम्ही गेला होता. मला अजून ते दुपारचं अंगण दिसतंय. दोरीवर पिवळी लुगडी वाळतायत, त्यांचं पिवळं ऊन तुमच्या सदऱ्यावर पडलंय, आणि तुम्ही चप्पल काढता काढता म्हणताय, "नापास झालीस. पुरे आता." माझ्याकडे बघत नाही. मी रडले नाही, कारण नापास झाल्यावर रडायचा हक्क आहे की नाही ते मला माहीत नव्हतं. तीन-चार दिवसांनी तुम्ही मला सोनाराकडे नेलंत आणि नाकात एका लाल खड्याची चमकी घातलीत. आई म्हणाली, एवढ्या लवकर कशाला? तुम्ही म्हणालात, असू दे, पोर हिरमुसलीय. मी आरशात बघून सगळं विसरले. किती सोपी पोर होते मी!

ती चमकी तेव्हापासून नाकातून निघाली नव्हती. बाळंतपणात नाही, तापात नाही. यंत्राजवळ अंगावर धातू चालत नाही म्हणाले. मी वाद घातला, सोनं चुंबकाला कुठं चिकटतं? नात म्हणाली, सोनं नाही चिकटत, पण आतली फिरकी कशाची आहे कुणाला ठाऊक? सोनाराच्या नातवानं भिंग लावून बघितलं आणि हसला, फिरकी लोखंडाची होती. तेल घालून, हळूहळू फिरवून, अर्धा तास लागला. डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं दुखतंय.

आत्या तुमची सख्खी धाकटी बहीण. सासरहून परत आलेली, मागच्या खोलीत राहायची, नीळ बुडवायला तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. कापड रांजणात बुडवायचं, वर काढायचं, हिरवट रंग वाऱ्यानं निळा होईपर्यंत धरायचं, पुन्हा बुडवायचं, आणि बुड्या मोजायच्या. मोठ्यानं मोजलं तर शेजारच्या रांजणावरचा चुकतो, म्हणून ओठात मोजायचं. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, तिला आधी, मला नंतर. मग कधीतरी आत्याच्या हातात कापड नसलं तरी ओठ हलायला लागले. भिंतीकडे तोंड करून बसायची, ताट तसंच राहायचं. एक दिवस टांगा आला. तुम्ही आम्हाला सांगितलंत, ती टी. नरसीपूरला गेलीय, संगमाजवळ नातेवाईक आहेत, तिथं बरं वाटेल. त्यानंतर आपण संगमावर स्नानाला गेलो की मी घाटावरच्या प्रत्येक बाईचं तोंड बघायची. तुम्ही माझा हात धरून चालायचात. तुम्हाला दिसत होतं मी काय शोधतेय ते. अण्णानं आता फोनवर सांगितलं, ती कधीच तिथं नव्हती, लांबच्या इस्पितळात होती, आणि तिथंच गेली. म्हणजे तुम्हाला कळवलं होतं, तरी पुढच्या वर्षीही तुम्ही मला शोधू दिलंत.

ती जायच्या आधीची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी आणि आत्या हौदाच्या काठावर शेजारी बसून कापड पिळतोय. ती तिच्या बुड्या मोजतेय आणि मी सतराचा पाढा म्हणतेय, दुसऱ्या दिवशी मास्तर विचारणार होते. दोघींचे ओठ हलतायत. तुम्ही वरून येता आणि पायरीवर थांबता. मी वर बघून हसते. तुम्ही हसत नाही. त्या वेळी मला वाटलं कापडाला डाग पडलाय. आता कळतं तुम्ही काय बघत होता. अप्पा, तो पाढा होता. एकदा विचारायचं तरी, काय पुटपुटतेस म्हणून! मी उभी राहून घडाघडा म्हणून दाखवला असता.

मग यंत्राचा दिवस उजाडला. मला निळा झगा घातला, कानात बोळे, तोंडावर जाळीचा पिंजरा, हातात रबरी चेंडू. भीती वाटली तर दाबायचा. एका इवल्या आरशात माणसांचे चेहरे दाखवत होते, रागावलेले, घाबरलेले, आणि मी बटण दाबायचं. यंत्राचा आवाज म्हणजे काय सांगू, आपल्या मागच्या दारी चौघंजण एकदम धोंड्यावर ओलं कापड आपटायचे ना, तस्सा. आणि तो आवाज ऐकला की माझं आपोआप सुरू होतं. एक बुडी, दोन बुड्या. तेवढ्यात कानात तिथल्या बाईचा आवाज, "अज्जी, तुटि अल्लाडिस्बेडि!" ओठ हलवू नका. चित्र हलतं म्हणे. मी ओठ आवळले. सगळं आयुष्य हेच ऐकलं, आधी आईकडून, ओठ मिटून ठेव, लोक बघतात. मला कधी कळलंच नव्हतं लोक काय बघतात ते. त्या नळकांड्यात आडवी पडून मला पहिल्यांदा कळलं आणि मी इतकी संतापले की नातीला नंतर चित्र बघून वाटलं असणार, अज्जी चेहरे बघून चिडली.

संध्याकाळी तिनं संगणकावर माझं डोकं फिरवून फिरवून दाखवलं, वरून, कडेनं, फळ निवडताना बघतात तसं. मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू? एवढं सगळं माझ्यात आहे, आणि मी त्यातून नुसतं सांबारच करत आले! मग हळूच विचारलं, "यावरून कळतं का गं, कुणाचं डोकं फिरणार ते?" ती म्हणाली, "नाही अज्जी. एका फोटोवरून एका माणसाचं असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून तर शोधतोय." "आणि घरात एकीला असलं तर दुसरीला?" "थोडी शक्यता वाढते. पण वाढते म्हणजे होणारच असं नाही. दुसरी ती दुसरीच ना." तिनं हे असं सहज म्हटलं, चहाचा कप उचलता उचलता.

आणि मला चिंधी आठवली. तुम्हालाही आठवत असेल. मी नऊ वर्षांची, एकाच गिरणीचे एकाच दिवशी आलेले दोन तागे, मी शहाणपणानं एकाचीच चिंधी बुडवली आणि म्हटलं दुसराही तसाच निघेल. तुम्ही मारलं नाहीत. दुसऱ्याची चिंधी फाडून त्याच रांजणात घातलीत, आणि दोन्ही चिंध्या माझ्या दोन हातांत देऊन अंगणात उभं केलंत, वाळेपर्यंत. पाय भाजत होते. वाळल्या तेव्हा एक निळी होती, एक नुसती राखाडी. तुम्ही म्हणालात, "एका ताग्याची चिंधी दुसऱ्याला लावायची नाही. सूत एक असलं तरी लावायची नाही. समजलं?" समजलं होतं, अप्पा. मी जन्मभर त्यावर चालले. मुलांना एकमेकांच्या मापानं कधी तोललं नाही, सुनांना नाही. ज्यानं शिकवलं त्यानं मात्र बहिणीची चिंधी उचलून लेकीला लावली, आणि वाळायचीही वाट बघितली नाही.

तुम्ही घाबरला होतात, हे मला कळतं. सख्खी बहीण डोळ्यांसमोर तशी गेली, माणूस घाबरणारच. पण मग घाबरलो म्हणायचं होतं. तुझं डोकं जाईल म्हणून शाळा बंद करतो म्हणाला असता, तर मी भांडले असते, उपास केला असता, मास्तरांच्या दारात जाऊन बसले असते. नापास म्हटल्यावर भांडायला काही उरलंच नाही. मी माझ्या मुलांच्या शाळेत कधी गेले नाही. मास्तरांनी बोलावलं की ह्यांना पाठवायची, मी नापास, मला काय कळतंय, म्हणून. प्रगतिपुस्तकावर सही करायची वेळ आली की हातात पीठ आहे म्हणायची. सही येत होती मला. लोखंडाच्या फिरकीवर सोन्याची चमकी, तसं तुम्ही मला दिलंत ते.

आता माझं ऐका. परवा नात दिवाणावर बसली होती, तिला कुठंतरी भाषण करायचं होतं, मांडीवर कागद, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. मी दारात थांबले. अप्पा, माझ्या हातातली कोमट तेलाची वाटी गार झाली. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? "पुरे कर आता. इतकं डोकं शिणवू नये." अगदी तुमच्या आवाजात. ती डोळे उघडून म्हणाली, "काय झालं अज्जी? भाषण पाठ करतेय." साधं विचारलं असतं तर साधं उत्तर मिळालं असतं, ते मला न विचारताच मिळालं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, तो यंत्राआधी भरलेला कागद आण, मी खोटं लिहायला लावलंय.

सगळं सांगितलं. आत्याचं, टांग्याचं, घाटाचं. तिनं भाषणाचे कागद बाजूला सारले. मला वाटलं चिडली. चिडायलाच हवं होतं, मांडीवर डोकं ठेवून विचारलं होतं तिनं. मग म्हणाली, "त्या वेळी सांगितलं असतंस तर मी इतकी एकटी पडले नसते गं." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मग तिनं विचारलं, "नाव काय होतं तिचं?" तुम्ही ते नाव घरात घेऊ देत नव्हता, तेव्हापासून कुणीच घेतलं नव्हतं. जिभेला आधी वळेचना. मग घेतलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, छान आहे. इथं लिहीत नाही, तुमच्यासाठी ते तुम्हीच बंद केलंत. कागदावर तिनं "नाही" खोडलं, "हो" लिहिलं, आणि तिच्या मोठ्या सरांना कळवते म्हणाली.

दसरा झाला, बन्नीमंटपच्या मैदानात मशालींचा खेळ बघायला जमलेली गर्दी पांगली की बाहुल्या पेटीत जातील. नाक मोडलेल्या राणीला या पानांत गुंडाळून ठेवीन, तुमची तुम्हाला. चमकी डबीत आहे. ती पुन्हा घालणार नाही असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, अण्णालाही, मोठ्यानं. फक्त रोज आंघोळ झाली की कडुलिंबाची काडी मोडून चमकीच्या भोकात घालते. नातीनं विचारलं तर सांगते, आग होते म्हणून. आग होत नाही, अप्पा. भोक बुजायला लागलंय.